कातडीचा डोळा

द्वारकाबाईनं पहिली मारामारी स्वतःच्या लग्नात केली. कानपिळीच्या वेळी तिच्या भावानं, कडूबानं, नवरदेवाचा कान धरला आणि मानाचा फेटा हातात पडेपर्यंत सोडायचा नाही अशा बेतानं पिळला. नवरदेव रामकिसन म्हणजे गरीब गाय. डोळ्यांत पाणी आलं तरी तो नुसता हसत राहिला. नवरीनं मुंडावळ्यांच्या आडून ते पाहिलं आणि बसल्या जागेवरून भावाच्या नडगीवर अशी लाथ घातली, की कडूबा होमाशेजारी आडवा झाला. मांडव खो खो हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. आपल्या मऊ पोराला देवानं एकदाचं हाड दिलं, हे त्यांनी तिथंच ओळखलं आणि घरी गेल्यावर मुसळ कुलपात ठेवलं.

करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून आत गेलं की त्यांचं गाव. तिथं आजही रडणाऱ्या पोराला गप्प करायचं तर द्वारकाबाई येतेय एवढं म्हटलं तरी भागतं. विहिरीवरची मोटर चोरायला आलेल्या दोघांना तिनं पाइपानं बडवलं होतं. त्यातला एक अजून पाय ओढत चालतो. आंधळ्या-पांगळ्यांची जागा अडवून बसलेल्या एका पुढाऱ्याला तिनं चालत्या एसटीत चौदावं रत्न दाखवलं होतं, आणि कंडक्टरनं बस थांबवली ती पुढाऱ्याला उतरवायला. मारकुट्या पुरुषाला जग भितं आणि मारकुट्या बाईला हसतं. द्वारकाबाईच्या बाबतीत लोक दोन्ही करत, पण हसायचं ते ती लांब गेल्यावर.

एक खरं, की उगाच कुणाच्या अंगावर ती कधी गेली नाही. पोटी लेकरू झालं नाही. माया करायला घरात रामकिसन एकटा, आणि त्याला कुणी धक्का लावला की हिचा हात आपोआप उठायचा. त्याला मात्र तिनं आयुष्यात कधी बोट लावलं नाही. तो भाकरी करपली तरी गोड मानून खायचा, आणि ती करपलेली भाकरी कुत्र्याला टाकून दुसरी थापायची. असा संसार होता, आणि चांगला होता.

रामकिसनला एक धाकटा भाऊ, बन्सी. तो शेंद्र्याला एका कंपनीत कामाला जायचा. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली गेली, आणि भिंत कुणाच्या हिश्श्यात हे ठरवायचं राहून गेलं. शेतीच्या वाटणीत कुणी हाक की बोंब केली नव्हती. पण त्या ओबडधोबड भिंतीनं दोघा भावांना वेड लावलं. रामकिसननं तिच्यात म्हशीच्या दाव्यासाठी खुंटी ठोकली, की बन्सी रात्रीतून ती उपटायचा.

बन्सीच्या पोरीचं लग्न ठरलं. लग्नघराला चुना लावायचा, तो त्यानं काढला. कळीचा चुना पिंपात टाकून वर पाणी ओतलं, की पिंप उकळायला लागतं. खदखदतं, वाफा सोडतं, हात लावाल तर कातडी निघून येते. भिजत्या चुन्याच्या आसपास पोरांना फिरकू द्यायचं नाही, हे त्या भागात अक्षरओळख नसलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. बन्सीनं आपली बाजू पांढरी केली, मग शिडी उचलली आणि रामकिसनच्या अंगणात येऊन त्याची बाजूही रंगवायला लागला. कारण गावात सरळ हिशेब असतो, चुना ज्याचा भिंत त्याची.

"बन्सी, खाली उतर," रामकिसन म्हणाला.

"भिंत माही हाय, दादा. तुला फुकटात पांढरी करून भेटायली तर घे ना."

जन्मात कधी न चिडलेला माणूस चिडला, की त्याला चिडायचं कसं ते कळत नाही. रामकिसननं एकदम शिडीच ओढली. बन्सी पाठीवर पडला, डोकं म्हशीच्या दगडी गव्हाणीवर आपटलं, कान फाटला. तो रक्तानं माखलेला उठला. हाताशी चुन्याचा डबा होता, नुकताच पिंपातून भरलेला, गरम. तो त्यानं थोरल्या भावाच्या तोंडावर भिरकावला.

रामकिसन ओरडला ते माणसासारखं नव्हतं. तो गुडघ्यावर पडला आणि दोन्ही हातांनी डोळे चोळायला लागला, म्हणजे चुना आणखी आत घालायला लागला. आणि इथं बन्सीचा सगळा राग एका क्षणात उतरला. कंपनीत त्यांच्या खात्याबाहेर डोळे धुवायचा नळ बसवलेला होता. डोळ्यात काहीही उडालं तरी पहिलं पाणी, भरपूर पाणी, हे त्याला तिथं घोटून घोटून शिकवलं होतं. तो रांजणाकडं धावला, कळशी भरून घेऊन आला आणि भावाचं डोकं मागं धरून ओरडला, "हात काढ, दादा! पानी घालू दे डोळ्यात, पानी!"

त्याच वेळी द्वारकाबाई म्हशीसाठी घास कापता कापता हातात विळा घेऊन परड्यातून आली.

तिनं काय पाहिलं? नवरा चुन्यानं माखलेला, आणि दीर त्याचे केस धरून त्याच्या डोळ्यांत पाणी ओतायच्या बेतात. चुन्यावर पाणी पडलं की काय होतं हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. पिंप समोरच खदखदत होतं. हा माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात चुना उकळायला निघालाय, एवढंच तिच्या डोक्यात आलं. विचार करायला वेळ नव्हता, आणि वेळ असता तरी तिनं केला नसता.

विळा कळशी धरलेल्या हातावर बसला. कळशी फुटक्या आवाजात दगडावर पडली आणि पाणी सगळं मातीत गेलं. त्या चिखलात बन्सीची दोन बोटं पडली. तो आपल्या हाताकडं बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्याची बायको वच्छलाबाई किंचाळत आली, तिला द्वारकाबाईनं एका धक्क्यात शिडीवर पाडलं. मग घरात जाऊन तुपाची बरणी आणली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि साजूक तूप बोटाबोटानं त्याच्या दोन्ही डोळ्यांत भरलं. "उगी, उगी," म्हणत राहिली. "आता गार वाटंल."

शेजारी राहणाऱ्या फकिराभाऊनं रामकिसनला जीपमध्ये घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. द्वारकाबाईला पोलिसांनी नेलं. ती जामिनावर सुटून आली तोवर नवऱ्याच्या डोळ्यांवर पट्ट्या चढल्या होत्या. ती खाटेपाशी उभी राहिली तसं त्यानं पावलांवरून ओळखलं.

"डोळे गेले, द्वारके," तो म्हणाला. "बन्सीनं घेतले."

त्या दिवसापासून तो एवढंच म्हणत आला.

दोन्हीकडच्या तक्रारी गावानं बसून मागं घ्यायला लावल्या. बन्सीनं पाण्याचं सांगून पाहिलं, पण चुना फेकणाऱ्याचं कोण ऐकतं? पण दोन्ही घरांचं पाणी तुटलं. लग्नकार्य नाही, दिवाळीचा फराळ नाही. दुसऱ्या घरात कुणी मेलं तरी सुतक धरायचं नाही इथपर्यंत गोष्ट गेली. द्वारकाबाई शेत एकटीनं करायला लागली. फवारणीचा पंप तिच्या पाठीवर, मोसंबीचा सौदा तिच्या तोंडात. रामकिसन ओट्यावर बसून दोर वळायचा. त्याच्या बुबुळांवर पांढरा पडदा चढला होता, त्यातून उजेड आणि अंधार एवढं कळायचं. सावली अंगावरून गेली की तो विचारायचा, "कोन?" आणि वाटेवरचा प्रत्येक माणूस आपलं नाव सांगून पुढं जायचा. बन्सी मात्र लांबून वळसा घालून जायचा.

बरीच वर्षं अशी गेली. मग कुणीतरी सांगितलं, की शहरात भानुमती नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, भाजलेल्या डोळ्यांचं त्यांना विशेष कळतं. द्वारकाबाई नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, कडक, पण समजावून सांगताना आपण कुठं बसलोय हे विसरणाऱ्या. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं आणि त्या खुशीतच म्हणाल्या, "मागचा डोळा चांगला आहे हो! खिडकीची फक्त काच गेलीय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बुबुळाच्या कडेला काही मूळपेशी असतात. बुबुळावरचं पातळ आवरण रोज झिजतं आणि त्या ते रोज नवं करतात. रामकिसनच्या त्या पेशीच चुन्यानं जाळल्या. त्यामुळं मेलेल्या माणसाचं बुबुळ आणून बसवलं तरी ते टिकणार नाही, पुन्हा पांढरं होईल. आधी कडेला नवी पेरणी पाहिजे. एक डोळा शाबूत असता तर त्यातून कण घेतला असता. आता तो दुसऱ्याकडून घ्यावा लागणार, आणि सख्ख्या भावाचा जुळण्याची आशा सर्वांत जास्त. तांदळाएवढा तुकडा. देणाऱ्याच्या डोळ्याला काही होत नाही.

"भाऊ आहे का?"

"नाय," रामकिसन म्हणाला.

"हाय की," द्वारकाबाई म्हणाली.

"त्याचा कन माझ्या अंगात नको." एरवी मऊ बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा आला, की बाईंनी कागदावरून मान वर केली. "त्याच्यापेक्षा हे बरं. दुसरं काय असंल तर सांगा, बाई."

दुसरं होतं, पण हातात नव्हतं. ते सांगायचा मोह मात्र भानुमतीबाईंना आवरला नाही. त्यांचं सगळं वाचन त्यातच चाललेलं. त्या म्हणाल्या, माणसाची सुरुवात एका पेशीपासून होते. तिच्यातून पुढं कुणी कातडी होतं, कुणी काळीज, कुणी डोळा. एकदा झालं ते झालं, मागं फिरता येत नाही, असंच सगळे मानत होते. मग जपानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की कातडीच्या पेशीत मोजकी जनुकं घातली की ती आपण कातडी आहोत हे विसरते आणि पुन्हा पहिल्यासारखी कोरी होते. मग तिला हवं ते करता येतं.

द्वारकाबाईनं भुवया ताणल्या. "म्हंजी, भाजलेल्या भाकरीचं परत पीठ?"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "अगदी तेच! भाकरीचं पीठ, आणि त्या पिठाची मग पुरणपोळी करा."

"लोकं येड्यात काढतील."

"काढलंच होतं. पण ते खरं निघालं. हृदयाच्या पेशी करतात, मेंदूच्या करतात, साखरेच्या आजारासाठी करून बघतात. जपानात अशा पेशींचं बुबुळावरचं आवरण तयार करून मोजक्या माणसांना लावलंय."

"माझ्याच कातडीचं व्हईल?" रामकिसननं विचारलं. "दुसऱ्या कोनाचं काय लागनार नाय?"

"तत्त्वतः नाही लागणार. स्वतःचंच असलं तर शरीर भांडतही नाही. भावाचं घातलं तर भांडण मिटवायला जन्मभर गोळ्या. पण रामकिसनराव, हे अजून तपासणीत आहे. ते पीठ फुगायचं थांबलं नाही तर गाठ होते, कॅन्सरसारखी. आपल्याकडं रुग्णांना मिळायला किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही. भावाचा कण आज मिळतो."

पण रामकिसननं त्यातलं तेवढंच ऐकलं जेवढं त्याला हवं होतं. घरी येताना तो गाडीत आपल्या दंडाची कातडी चिमटीत धरून बसला होता. लोक देवळातली घंटा बडवतात तसं त्यानं पुढं वर्षभर एकच बडवलं, कातडीचा डोळा. द्वारकाबाईला वाटलं, भावाचा राग एवढा खोल गेलाय. तिला त्याचा अभिमानच वाटला.

आणि असल्या माणसाला शोधून काढणारे लोक या जगात असतातच. क्रांती चौकाजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पेशींच्या उपचाराचा एक चकचकीत दवाखाना निघाला. बाहेर मोठा फलक लावला होता, तुमच्याच पेशी, तुमचाच डोळा. द्वारकाबाईच्या भाच्यानं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि रामकिसन हट्टाला पेटला. तिथल्या टाय लावलेल्या डॉक्टरनं भानुमतीबाईंचेच शब्द वापरले, फक्त त्यातले 'पण' आणि 'नाही' तेवढे गाळले. जपानात होतं ते आम्ही इथं करतो, म्हणाला. द्वारकाबाईला माणूस आवडला नव्हता. पण नवरा पहिल्यांदा काहीतरी मागत होता.

त्यांनी रामकिसनच्या पोटावरची चरबी काढली, कुठल्याशा यंत्रात फिरवली आणि उजव्या डोळ्यात टोचली. भाकरी पीठ झाली नाही की काही नाही; नुसता शिळा तुकडा डोळ्यात कोंबला. आठवड्यात डोळा लिंबाएवढा सुजला. पू वाहायला लागला. रामकिसन डोकं भिंतीवर आपटून घ्यायला लागला. दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, पेशी कामाला लागल्यात, चांगलं लक्षण आहे.

द्वारकाबाई नवऱ्याला भानुमतीबाईंच्या दारात पोचवून, तशीच रिक्षानं क्रांती चौकात गेली.

आत बाकावर पेशंट बसले होते. तिनं आधी त्यांना बाहेर काढलं. मग काचेचं दार खुर्चीनं फोडलं. टायवाला टेबलामागून उठेपर्यंत तिनं त्याचा टाय धरला आणि म्हशीला दाव्यानं ओढावं तसं त्याला टेबलावरून अलीकडं ओढलं. एकेका ठोशाबरोबर ती विचारत होती, "चांगलं लक्षन हाय का? हे? आन् हे?" त्याचं नाक फुटलं, दात ओठातून बाहेर आला. यंत्रावर यंत्र पडत गेलं. एक पोरगी पोलिसांना फोन करत होती, तिच्याकडं बघून द्वारकाबाई म्हणाली, "लाव, बाई, लाव, मीच बोलते."

"अरे अम्मा, छोडो उनकू!" खालचा वॉचमन धापा टाकत वर आला. "मर जायेंगे वो!"

"मरू दे."

"मरे तो तुमकू फासी होती ना, अम्मा. फिर घर में अंधे कू कौन देखता?"

तेवढ्यावर तिनं टाय सोडला. पोलीस आले, तक्रारी झाल्या, तो दवाखाना काही दिवसांनी रातोरात गुंडाळला गेला. पण रामकिसनचा उजवा डोळा वाचला नाही. पू मेंदूकडं जाईल म्हणून भानुमतीबाईंना तो काढावाच लागला.

शस्त्रक्रियेनंतर बाई खोलीत आल्या तेव्हा संतापलेल्या होत्या. समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून द्वारकाबाईवरच बरसल्या. "एक डोळा उरलाय आता, एक! भावाचा कण घ्या म्हणून सांगत होते. तुम्हा लोकांना साधी गोष्ट वेळेवर करायला काय होतं? पहिल्याच दिवशी पाणी ओतलं असतं, बादल्याच्या बादल्या, तर आज हा माणूस वर्तमानपत्र वाचत असता!"

द्वारकाबाईला वाटलं, बाई रागात काहीतरी भलतंच बोलतायत. "पानी? चुन्यात पानी घालत्यात व्हय, बाई? उकळंल ना."

"अहो, पिंपातल्या चुन्याला थोडं पाणी मिळतं म्हणून तो तापतो. आणि तुमचा तर आधीच भिजवलेला होता. धो धो पाणी घातलं की तो वाहून जातो. जुन्या कागदात लिहिलंय, डोळे तुपानं भरलेले होते. तुपानं चुना आत धरून ठेवला, तास न् तास. कुण्या शहाण्यानं घातलं ते तूप, कुणास ठाऊक."

बाई निघून गेल्या. द्वारकाबाई भिंतीला टेकून उभी होती, ती हळूहळू खाली बसली. बन्सीचा ओरडा तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट ऐकू आला. पाणी घालू दे डोळ्यात. तो डोळे उकळायला आला नव्हता, वाचवायला आला होता. आणि तिनं त्याची बोटं तोडली, कळशी सांडली, आणि आपल्या माणसाचे डोळे आपल्या हातानं, मायेनं, जाळले. तिनं उजवा हात दगडी फरशीवर आपटला. पुन्हा आपटला. नर्स धावत आली तेव्हा मनगट सुजलं होतं, आणि पडले असं द्वारकाबाईनं सांगितलं.

रामकिसनला घरी आणल्यावर ती पहिली बन्सीच्या दारात गेली. वच्छलाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. इतक्या वर्षांनी जावेला दारात बघून तिच्या हातातलं सूप पडलं.

"भावजी हायेत का?" द्वारकाबाईनं विचारलं.

"हायेत. उरलेली बोटं न्यायला आलीस का?"

"त्यांच्या पाया पडायला आले."

वच्छलाबाईला ते टोमणा वाटलं. या बाईच्या तोंडून दुसरं काही निघेल यावर तिचा विश्वास कसा बसावा? तिनं दाराआडचं दांडकं उचललं, कपडे धुवायचं, आणि पहिला तडाखा खांद्यावर घातला. द्वारकाबाई हलली नाही. दुसरा पाठीवर, तिसरा तोंडावर. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. नवऱ्याला तुटक्या हातानं घास कालवताना बघून जेवढा राग साठवला होता तेवढा वच्छलाबाईनं काढला. गल्ली गोळा झाली. द्वारकाबाई आता हिची कणीक तिंबणार म्हणून लोक श्वास धरून उभे राहिले, आणि ती नुसती उभी राहून मार खात होती. तेव्हा लोकांना भीती वाटली.

बन्सीनं बाहेर येऊन दांडकं धरलं, उरलेल्या बोटांनी. द्वारकाबाईनं तिथंच दारात, सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही पाणी आणलं होतं, मी सांडलं. डोळे तुम्ही नाही, मी घालवले. आता एक उरलाय, त्याला तुमच्या डोळ्यातला कण लागतो.

बन्सीनं दांडकं काढून घेऊन भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "वैनी, चुना म्या फेकला. ते तू धुऊन काढू नकोस. कन काय, आख्खा डोळा काढून नेला तरी माझ्यानं नाय म्हनवनार नाय. पन दादा घेनार हाय का?"

घेणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं. ती घरी आली. रामकिसन बाजेवर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी. ती शेजारी बसली तसा त्याला रक्ताचा वास आला. त्यानं हात लांबवून तिचं तोंड चाचपलं. फुटलेल्या भुवईपाशी बोटं थांबली.

"कोनी मारलं?"

"वच्छलानं."

"आन् तू?"

"म्या नाय मारलं."

"का नाय मारलं?" तो अगदी हळू बोलला. "द्वारके, तू का नाय मारलं?"

मग तिनं त्याला सांगितलं. पाण्याचं, विळ्याचं, तुपाचं, डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते. सांगताना ती एकदाही रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "आता तुमाला जे करायचं ते करा. पन बन्सीभावजींचा कन घ्या. त्यांनी नाय घेतले तुमचे डोळे. म्या घेतले."

रामकिसननं मान खाली घातली.

"मला ठाव हाय," तो म्हणाला.

"काय ठाव हाय?"

"पैल्याच दिशी त्या सरकारी डाक्टरनं सांगितलं. तूप काढता काढता शिव्या देत व्हता, की पानी का नाय घातलं म्हनून. बन्सीचा आवाज बी मला आठवत व्हता." तो बाजेचा दोर चाचपत राहिला. "तुला कळू द्यायचं नव्हतं. तू तुझा हात तोडून घेतला असता. म्हनून सगळं बन्सीवर ठेवलं. तो दवाखान्यात आला असता तर बाईनं त्याला इचारलं असतं, त्यानं पान्याचं सांगितलं असतं, बाईनं त्याला खरं म्हटलं असतं, आन् तू शेजारीच बसलेली असती. कातडीच्या डोळ्यात तसं काय नव्हतं. त्याला कोनीच लागत नव्हतं."

द्वारकाबाईला समजायला थोडा वेळ लागला. बन्सीचा राग नव्हताच कधी. वर्षानुवर्षं हा माणूस अंधारात बसला, सख्ख्या भावाला तोडून बसला, त्या टायवाल्यापुढं जाऊन डोळ्यात सुई खुपसून घेतली आणि उजवा डोळाही गमावला, ते हिच्यापासून हे लपवायला. तिच्यासाठी.

तिचा हात उठला. लग्न झाल्यापासून ज्याला तिनं बोट लावलं नव्हतं, त्या नवऱ्याच्या थोबाडीत तिनं अशी खणखणीत मारली, की बाज करकरली.

रामकिसन सावरून बसला. गाल लाल झाला होता. तो हसला, डोळ्यातून पाणी गळत होतं तरी हसला. "मार अजून," तो म्हणाला. "पन बन्सीला सांग, उद्या जाऊ म्हनून."

द्वारकाबाईनं आणखी एक ठेवून दिली, आणि मग त्याला छातीशी घट्ट धरून गाव गोळा होईल इतक्या मोठ्यानं रडली.